दुकानात चालू, घरी बंद: डिस्प्ले न येण्याच्या एका चिवट दुखण्याचा माग

"दादा, परत तेच झालंय."

जुलै महिन्यातला ताईंचा हा तिसरा फोन. बटण दाबलं की पंखे फिरतात, कॅबिनेटच्या तोंडावरचा निळा दिवा लागतो, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो आणि झोपी जातो. बीप नाही, कंपनीचं चिन्ह नाही, काही नाही. ताई चिपळूणला घराच्या पडवीत डीटीपी करतात. जुलै म्हणजे गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणी पावत्यांचा हंगाम. कॉम्प्युटर बसला की दारात कार्यकर्ते उभे राहतात.

पहिल्या वेळी मी कॅबिनेट दुकानात आणला. रॅम काढली, पुसली, लावली, चालू. घरी आठ दिवस चालला आणि पुन्हा आंधळा. दुसऱ्या वेळी रॅमच बदलली, जोडीला बोर्डवरचा सेलही. दुकानात दिवसभर चालवून पाहिला, एकदाही अडला नाही. परत देताना वर शहाणपणाही शिकवला, "ताई, पावसाचे दिवस आहेत, विजा होतात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करत जा." दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन.

मधल्या काळात ताईंनी आणखी एकाला विचारलं होतं. त्यानं कॅबिनेट न उघडताच निकाल दिला: मदरबोर्ड गेला, कोकणातल्या दमट हवेत बोर्ड टिकत नाहीत, नवीन घ्या.

दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा कॉम्प्युटर येतोच, दुकानात शहाणा आणि घरी हट्टी. 'डिस्प्ले येत नाही' म्हटलं की दहा उपाय कुणीही सांगतं. ते दहाही आपण एका दमात करतो, मशीन चालू होतं, आणि कशामुळे चालू झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. माझंही तेच झालं होतं. म्हणून तिसऱ्या वेळी कॅबिनेट आणायला गेलोच नाही. मल्टिमीटर, एक जास्तीची रॅम आणि एक छोटा बीपर खिशात टाकला आणि ताईंच्या पडवीत जाऊन बसलो.

पण माग कसा काढला हे सांगण्याआधी मदरबोर्ड करतो काय ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं जादूटोण्यासारखं वाटेल.

मधला माणूस

मदरबोर्ड स्वतः हिशेब करत नाही, ते काम प्रोसेसरचं. चालू कामाचा पसारा मांडते ती रॅम, आणि फायली सांभाळते डिस्क. लग्नघरात एक माणूस असतो. तो स्वयंपाक करत नाही, मंत्र म्हणत नाही, आहेरही घेत नाही. पण भटजींना पाट, आचाऱ्याला गॅस आणि वऱ्हाडाला चहा कधी आणि कुठल्या दारानं पोचवायचा हे त्यालाच ठाऊक असतं. काहीही अडलं की शिव्या मात्र त्यालाच. मदरबोर्डची गत अगदी तशीच आहे.

वस्तू म्हणून पाहिलं तर तो काचेच्या धाग्यांचा आणि इपॉक्सीचा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्याच्या पोटात तांब्याचे चार किंवा जास्त थर असतात, वरून दिसणाऱ्या रेषा हा फक्त वरचा मजला. इंटेलनं १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मापात तो ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर असतो. आपल्याकडे घराघरांत दिसतो तो बहुधा त्याचा धाकटा भाऊ, मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४. ताईंचा बोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य मदतनीस चिप) आहे, डीडीआर३ रॅमचे दोन स्लॉटवाला. हा चिपसेट २०११ सालचा, पण बाजारात 'नवीन' म्हणून अजून सर्रास मिळतो, आणि साध्या डीटीपीला पुरतोही.

जुन्या बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅम यांच्या मध्ये नॉर्थब्रिज नावाची चिप बसायची. एएमडीनं २००३ मध्ये आणि इंटेलनं २००८ मध्ये घरगुती प्रोसेसरच्या पोटातच रॅमचा कारभार घ्यायला सुरुवात केली. दुरुस्तीच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं, कारण आता रॅमच्या स्लॉटमधून निघालेल्या तारा थेट प्रोसेसर बसतो त्या खाचेत, म्हणजे सॉकेटमध्ये जातात. म्हणजे 'रॅमचा दोष' दिसला तरी खरा आजारी सॉकेटमधला एखादा केसाएवढा वाकलेला पिन असू शकतो. एलजीए११५५ सॉकेटमध्ये असे १,१५५ पिन असतात. प्रोसेसर काढून बसवताना हात थरथरला तर पुढचे सहा महिने लोक रॅम पुसत बसतात.

बटण दाबल्यावर काय होतं

एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची वायर भिंतीत लावली आणि भिंतीवरचं बटण चालू असलं की, कॉम्प्युटर बंद असतानाही, मदरबोर्डला एक बारीक वीज मिळत राहते. २४ पिनी जाड जुडग्यातली जांभळी वायर ती. तिच्यावर ५ व्होल्ट कायम असतात, याला स्टँडबाय म्हणतात. या ५ मधून बोर्ड स्वतःपुरते ३.३ व्होल्ट बनवतो आणि त्याच्यावर एक छोटा पहारेकरी जागा ठेवतो. तुम्ही पॉवरचं बटण दाबता तेव्हा वीज चालू होत नाही, फक्त पहारेकऱ्याला इशारा मिळतो. तो हिरवी वायर काळ्या वायरशी, म्हणजे शून्याशी जोडतो. हे पाहून एसएमपीएस मोठा दिवा लावतो: पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारंगीवर ३.३. सगळे व्होल्टेज स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरवरून 'सगळं ठीक' असा निरोप येतो.

मग प्रोसेसरभोवतीची मंडळी कामाला लागतात, म्हणजे त्या चौकोनी कॉइल आणि ते उभे गोल कपॅसिटर. १२ व्होल्ट उतरवून ते साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६५ वॉटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालवायचा तर ५४ अँपिअर लागतात. घरातला दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरही घेत नाही. एवढा प्रवाह इतक्याशा जागेत, मिलिसेकंदाचीही हयगय न करता द्यायचा असतो. प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनी वेगळी वायर याच कामाची. ती लावायची राहिली तर पंखे मस्त फिरतात आणि बाकी शुकशुकाट.

वीज पोचली की रीसेट सुटतं, प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे सुरुवातीच्या सूचना साठवलेल्या चिपमधून पहिली आज्ञा वाचतो, रॅम तपासतो, मग ग्राफिक्स जागं करतो. तेव्हा कुठे स्क्रीनवर काही दिसतं.

आता ताईंची तक्रार पुन्हा वाचा. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. फिरणारा पंखा एवढंच सांगतो की १२ व्होल्ट आले. त्याच्या पुढच्या पाच-सहा पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर पाय अडकला, हे पंख्याला माहीत नसतं. "पंखे फिरतायत म्हणजे पॉवर ओके" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय, आणि ते अर्धवट आहे.

रॅम पुसण्याची अंधश्रद्धा

रॅम पुसल्यानं कॉम्प्युटर चालू होत नाही असं म्हणत नाहीये. होतो, पुष्कळदा होतो. पण रॅम पुसताना तुम्ही आणखी काय काय करता ते बघा. भिंतीतली वायर काढता. मागचा प्रिंटर, माउस, नेटची वायर, सगळं सोडवता. उभा कॅबिनेट आडवा टाकता. बऱ्याचदा तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या विजेवर नेता. एवढ्या सगळ्यात रॅम ही पाचवी गोष्ट. चालू झाला की श्रेय मात्र खोडरबरला.

म्हणून डिस्प्ले येत नसेल तेव्हा रॅमला हात लावण्याआधी हे करा. मॉनिटरची वायर बरोबर ठिकाणी आहे ना बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डात हवी, बोर्डच्या तोंडात नाही. हसू नका, यात मी एकदा पाऊण तास घालवलाय. मग भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा, कॅबिनेटचं पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, वायर लावा, चालू करा. बाकी कशालाही हात न लावता एवढ्यानं चालू झाला तर रॅम निर्दोष आहे असं समजून पुढे चला. दोष शिल्लक राहिलेल्या विजेत, म्हणजे स्टँडबायच्या बाजूला शोधा.

एवढ्यानं झालं नाही तर मागच्या सगळ्या वायरी काढा. फक्त वीज आणि मॉनिटर ठेवा. कीबोर्डसुद्धा नको. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी तोंडातली जीभ वाकून आत चिकटली असेल तर तेवढ्यानंही बोर्ड उठत नाही. म्हणून पुढच्या यूएसबीची बोर्डवर येणारी जुडी काढून बघा.

ताईंकडे मी पहिली पायरी केली. बटण वीस सेकंद दाबलं, वायर लावली. नाही. दुसरी पायरी, मागचं सगळं काढलं. लगेच चालू! कॅबिनेट जागचा हलला नव्हता, आडवा झाला नव्हता, रॅमला कुणी शिवलंही नव्हतं.

आता संशयित कमी झाले. मागे लोंबणाऱ्या शेपट्या पाच: कीबोर्ड, माउस, नेटची वायर, प्रिंटर आणि चार तोंडांचा एक यूएसबी हब. एकेक लावून बघणार, तेवढ्यात लाइट गेली.

लाइट गेली आणि दिवा राहिला

पडवीत अंधार नव्हता, कारण ट्यूब आणि पंखा इन्व्हर्टरवर. कॉम्प्युटर मात्र साध्या लाइनवर, इन्व्हर्टर छोटा म्हणून. यूपीएसची बॅटरी मागच्याच वर्षी मेलेली, तो कपाटावर धूळ खात पडलेला. मी सवयीनं मागच्या वायरी परत खोचत बसलो होतो. कॅबिनेटची बाजू उघडीच होती. हब लावला आणि बोर्डच्या कोपऱ्यातला बारीकसा हिरवा दिवा मंद पेटला.

ताईंनीच आधी पाहिलं. "अहो, लाइट गेलीये ना? मग हा कुणाच्या जिवावर पेटलाय?"

एसएमपीएसची वायर भिंतीतून काढून हातात घेतली, तरी दिवा तसाच. जांभळ्या वायरवर मीटर लावला. शून्य हवं तिथं २.९ व्होल्ट. हबची वायर ओढली, दिवा विझला, मीटर हळूहळू शून्यावर आला. लावली, पुन्हा २.९.

हबला स्वतःचा ५ व्होल्टचा अडॅप्टर होता, आणि तो अडॅप्टर मोबाइल चार्जरशेजारी, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. यूएसबीच्या चपट्या पिनमध्ये मूळ चार पट्ट्या असतात: एक ५ व्होल्टची, दोन माहितीच्या, एक शून्याची. वीज कॉम्प्युटरकडून वस्तूकडे जावी, उलट नाही, हा यूएसबीचा नियमच आहे. नीट बनवलेल्या हबमध्ये उलट जाणारी वीज अडवायची सोय असते. स्वस्त हबमध्ये अडॅप्टरचे ५ आणि कॉम्प्युटरचे ५ सरळ एकत्र जोडून टाकतात, चार पैसे वाचतात.

मग सगळं उलगडलं. लाइट दोन-चार सेकंदांसाठी गेली तर काही बिघडत नसे, कारण एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये तेवढा साठा असतो आणि स्टँडबाय तग धरतो. पण तास-दीड तास गेली की एसएमपीएस पूर्ण रिकामा, आणि बोर्डच्या ५ व्होल्टच्या वाटेवर हबचे उसने २.९ व्होल्ट. पहारेकरी धड झोपलेला नाही, धड जागा नाही. लाइट आल्यावर ५ व्होल्ट परत येतात, पण शून्यातून उठताना त्याला जो स्वच्छ रीसेट मिळतो तो मिळत नाही. बटणाचा इशारा कळतो, हिरवी वायर खाली जाते, पंखे फिरतात आणि पुढची ओळ चुकते. बटण वीस सेकंद दाबूनही उपयोग नाही, कारण इकडून उपसा आणि तिकडून हबची धार सुरूच.

पहिल्या वेळी आठ दिवस का चालला? त्या आठवड्यात लाइट लांब गेली नव्हती, आणि ताई रात्री नुसतं शटडाउन करायच्या, भिंतीवरचं बटण चालूच. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच सकाळी का बसला? कारण मी सांगितलं म्हणून त्यांनी रात्री बटण बंद केलं. म्हणजे रोज रात्री आठ तास हबचा प्रयोग. माझ्या सल्ल्यानं दुखणं दुणावलं होतं. आणि दुकानात का चालायचा? दुकानात हब कधी गेलाच नाही. "नुसता कॅबिनेट आणा" असं आपणच सांगतो.

तरी खात्री करून घेतली. लाइट आल्यावर हब लावून भिंतीवरचं बटण दहा मिनिटं बंद ठेवलं, मग चालू: काळा पडदा. हब काढून तेच केलं: श्री-लिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडून ताईंनी पावतीचा नमुना दाखवला. असं तीनदा. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, की मगच मी पकडला म्हणतो. नुसतं 'आता चालतंय' हे पुरेसं नाही.

तुमच्याकडे हे तपासायला मीटरही लागत नाही. कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसची वायर भिंतीतून काढा, बाकी शेपट्या लावलेल्याच ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. कीबोर्डचा, माउसचा किंवा बोर्डवरचा कुठलाही दिवा पेटलेला असेल तर बाहेरून वीज आत शिरतेय. हब, स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारी बाहेरची हार्ड डिस्क, एखादा प्रिंटर, जुना मॉनिटर, कुणीही असू शकतं. एकेक उपटत जा, दिवा विझेल तिथं चोर.

ज्यांचा दिवा विझतो त्यांच्यासाठी

मग बीपर कामी येतो. बोर्डच्या 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिनांवर बसणारी ही काळी डबी हल्ली कॅबिनेटबरोबर मिळत नाही, विकत घेऊन ठेवा. सगळी रॅम काढा आणि चालू करा. बोर्ड ओरडला तर आनंद माना: प्रोसेसर जागा आहे, बायोस वाचला जातोय, विजेची उतरंड ठीक आहे, आणि रॅम नाही हे त्याला कळतंय. अडचण रॅम, स्लॉट किंवा त्याच्या पुढे. ओरडलाच नाही तर अडचण रॅमच्या आधीच आहे, मग कितीही पुसा. बीपची भाषा बोर्डागणिक वेगळी, मॅन्युअल पाहा. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात, जो पेटून राहतो त्या पायरीवर गाडी अडकलेली.

रॅमच लावायची तर एक पट्टी, एकेका स्लॉटमध्ये. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा हा बहुतेक बोर्डांचा आवडता. एकच पट्टी एका स्लॉटमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर स्लॉट साफ करा आणि प्रोसेसरवरचा कूलरही बघा. इंटेलच्या जुन्या कूलरच्या चार प्लास्टिक पायांपैकी एक सुटून कूलर तिरका लोंबत असेल तर सॉकेटवरचा दाब सारखा राहत नाही. कॅबिनेट आडवा टाकला की चालतो, उभा केला की बसतो, अशी तक्रार असेल तर मी आधी इथंच बघतो.

खोडरबराबद्दल: पट्टीवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. शाईचा खरखरीत रबर तो खरवडून काढतो, मग खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर गंजतो. मऊ पांढरा रबर, तोही क्वचित. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

सेलला उगाच फार बदनाम करतात. सीआर२०३२, ३ व्होल्ट, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तो घड्याळ चालू ठेवतो, सेकंदाला ३२,७६८ ठोके देणारं स्फटिकाचं घड्याळ. सेल मेला की तारीख मागे जाते, बँकेची वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, टॅलीमध्ये व्हाउचरची तारीख भलतीच पडते. मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला, तीस-चाळीस रुपयांचं काम. मात्र डिस्प्ले न येण्याचं कारण तो क्वचितच असतो.

एसएमपीएस मोजायचा तर बोर्डला लावून, चालू असताना मोजा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं: १२ चे ११.४ ते १२.६, ५ चे ४.७५ ते ५.२५. हिरवी-काळी जोडून नुसता पंखा फिरवून पाहणं म्हणजे बैल गाडीला न जुंपता त्याची ताकद अजमावणं.

आणि दमट हवा? तिचा हात असतोच, पण एकटीचा नाही. स्वच्छ बोर्ड दमट हवा बराच सोसतो. धूळ साचली की ती ओल धरून ठेवते, किनाऱ्याजवळ तिच्यात मीठ मिसळतं, आणि दोन पिनांच्या मध्ये बारीक गळती सुरू होते. मे महिन्यातच ब्लोअर मारून घ्या, जुलैत नाही. पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवलेला कॉम्प्युटर बंद ठेवलेल्यापेक्षा बरा राहतो, आतली ऊब ओल घालवते. आणि मागच्या उघड्या पट्ट्या झाका. ऊब शोधत मुंग्या आणि पाली आत शिरतात, एसएमपीएसमध्ये चिकटलेली पाल ही कोकणातली काल्पनिक गोष्ट नाही.

पडवीतलं दुसरं दुखणं

त्याच दिवशी आणखी एक सापडलं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या, ताईंना वाटायचं पावसामुळे. टेस्टर लावला तर पत्र्यावर पेटला. म्हणजे पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि पत्रा, न्यूट्रल आणि पत्रा यांच्यात छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं तर त्यांची गळती जमिनीत जाते. नसलं तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण अशा वेळी चालू कॉम्प्युटरला मॉनिटरची किंवा प्रिंटरची वायर लावली तर ती गळती त्या वायरीतून वाट काढते, आणि मग यूएसबीचं किंवा एचडीएमआयचं तोंड मरतं. मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मोजायचं काम आणि अर्थिंगचा खड्डा, दोन्ही वायरमनकडून. इथं हौस नको.

बोर्ड खरंच गेला असेल तर

तेही होतं. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा त्याच्या पायाशी तपकिरी डाग, प्रोसेसरजवळ जळका वास, सेलच्या आसपास हिरवा-पांढरा गंज, सॉकेटमधला वाकलेला पिन. यातलं काही डोळ्यांना दिसलं, किंवा चांगल्या एसएमपीएसवर, चांगल्या रॅमवर, कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवूनही बोर्ड उठला नाही, तर मग तो खरंच गेलाय. पुठ्ठ्यावर उठला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर खालचा एखादा पितळी स्टँड चुकीच्या जागी टेकतोय.

बोर्ड बदलण्याआधी किंवा बायोस पुसण्याआधी एक विचारून घ्या: डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क-सुरक्षेचं कुलूप आहे का? असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी. कुलपाची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये असते आणि टीपीएम जुन्या बोर्डवर किंवा त्या जुन्या प्रोसेसरमध्ये. कित्येकांना आपल्या लॅपटॉपला कुलूप आहे हे या दिवशीच कळतं.

ताईंचा बोर्ड अजून तोच आहे. हबचा अडॅप्टर काढून मी कॉम्प्युटरच्याच एक्स्टेन्शनवर लावला, आता लाइट गेली की दोघं एकदम जातात. नवा हब चिपळूणच्या दुकानात मिळाला की हा जाईल. इन्व्हर्टरच्या रिकाम्या झालेल्या पॉइंटवर ताईंनी आडवी चिठ्ठी चिकटवली आहे, पावतीच्याच टायपात: 'इथे फक्त मोबाइल'.